मोसेसे दुसऱ्यांदा गेला

केलेपीच्या गेमच्या डब्यानं चार सेकंद घेतले आणि तेवढ्यात म्हातारा मोसेसे दुसऱ्यांदा गेला. पहिल्या खेपेला त्याला तीन वर्षं लागली होती.

पण हे आपण वाचलंच नाही असं समजू. कारण मोसेसे अजून पहिल्यांदासुद्धा गेलेला नाही. तो खाटेवर उशीला टेकून बसलाय, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळलाय, आणि भाचा केलेपी त्याची दाढी करतोय.

"हळू रे," मोसेसे म्हणाला. "डुक्कर सोलतोयस का?"

"मामा, डुकराला निदान गाल असतात."

"ऑकलंडात हेच शिकलास?"

"तिथं खोकी उचलायचो मी. दाढ्या नाही."

केलेपीला ऑकलंडहून परत येऊन वर्ष झालं होतं. परत आला म्हणजे पाठवला गेला. त्याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. येताना त्यानं भिंतीएवढा टीव्ही आणला, गेम खेळायचा एक पांढरा डबा आणला, आणि बूट तिकडेच विसरला.

दाढी करता त्याला येत नव्हती, पण करायची त्यानंच. पोटच्या मुलानं बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, बापाचा कंगवा घ्यायचा नाही, बापाच्या ताटातलं उरलेलं खायचं नाही, हे आमच्या वावाउ बेटावर पोर रांगायच्या आधी शिकतं. बहिणीच्या मुलाचं नेमकं उलट. त्याला आम्ही फाहू म्हणतो. फाहूनं मामाच्या डोक्यावर ढोल वाजवला तरी मामानं मान डोलवायची. आणि मामाच्या घरातल्या कुठल्याही वस्तूला तो 'छान आहे' म्हणाला की ती वस्तू त्याची. म्हणून मोसेसेचा मुलगा लोपेती, वय पंचेचाळीस, गेली तीन वर्षं बापाचं सगळं करत होता, पण मानेखालचं. साखरेनं एक पाय नेला होता, उरलेला तो धुवायचा. नखं काढायचा, चादरी बदलायचा. मानेच्या वर केलेपीचं राज्य सुरू व्हायचं. लोपेतीची बायको ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेली होती, आणि द्राक्षं काही संपत नव्हती.

या घडीला लोपेती खोलीच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर उघडून बसला होता.

लोपेती मयतींचं शूटिंग करायचा. आमच्याकडे लग्नाचं शूटिंग करणारे तिघं आहेत, त्यातल्या एकाकडे ड्रोन आहे. मयतीला ड्रोन चालत नाही, म्हणून मयती लोपेतीकडे. प्रत्येक घरातली निम्मी माणसं ऑकलंडला नाहीतर सिडनीला असतात. त्यातल्या ज्यांना विमानानं मयतीला येता येत नाही, त्यांना मयत पाठवावी लागते. इंटरनेटवरून पाठवायला जावं तर ती मधेच अडकते आणि मेलेला माणूस अर्धा तास एकाच ठिकाणी थरथरत राहतो. म्हणून लोपेती सगळं टिपायचा, कापून जोडून त्याची फिल्म करायचा आणि विमानानं जाणाऱ्या कुणाच्या तरी खिशात घालायचा.

अडचण होती ती कॉम्प्युटरची. तो एका बँकेनं टाकून दिलेला होता आणि बँकेसारखाच चालायचा: आधी बसा म्हणायचा, मग विसरून जायचा. बटण दाबलं की लोपेती कोयता घेऊन अळूची पानं कापायला जाई. पानं कापून, त्यात नारळाचं दूध आणि डब्यातलं मांस बांधून, भट्टीत ठेवून तो परत येई, तेव्हा पडद्यावर 'स्वागत' एवढं उमटलेलं असे. एकेका मयतीला महिने लागत. एका विधवेला नवऱ्याची मयत मिळाली तेव्हा तिनं ती नव्या नवऱ्याशेजारी बसून पाहिली. दोघांनाही आवडली.

आणि आता ऑकलंडहून निळा ड्रम आला होता. एका घरानं त्यांच्या आजीच्या फिल्मच्या बदल्यात पाठवलेला. त्यात जुने कपडे, कॉर्न्ड बीफचे डबे आणि तळाशी एका मोज्यात गुंडाळलेली नवी एसएसडी.

"आण बघू," मोसेसे म्हणाला. लोपेतीनं ती दुरून दाखवली. "हे?"

"हो, बाबा."

"हे च्युइंगम आहे."

"हार्ड डिस्कच आहे. नव्या जातीची. जुनीत एक तबकडी गरगर फिरायची. हिच्यात आत काहीच हलत नाही, म्हणून ती पळते."

"मीपण हलत नाही," मोसेसे म्हणाला. "माझं कुठं काय पळतंय?"

कॉम्प्युटरच्या पोटात तिच्यासाठी एक रिकामी खाच होती. खाचेत पालीची दोन अंडी होती. लोपेतीनं ती बशीत काढून ठेवली, च्युइंगम खाचेत बसवली, एवढासा स्क्रू पिळला. मग जुन्या डिस्कमधलं सगळं नवीत उतरवण्यात दुपार गेली. केलेपीनं तोवर दाढीची दुसरी बाजू संपवली. शेवटी लोपेतीनं बटण दाबलं आणि सवयीनं कोयता उचलला.

तो दारापर्यंत पोचायच्या आत पाठीमागे 'स्वागत' वाजलं.

लोपेती कोयता घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या आयुष्यात अचानक वेळ निघाला होता आणि तो कुठं ठेवायचा हे त्याला कळेना.

"आयला," केलेपी म्हणाला. "हीच जात माझ्या डब्यातपण बसते. खाच आहे तशी. काय पळते राव! किती छा..."

"गप!" मोसेसे ओरडला. मिशी फेसासकट हलली. "तो शब्द काढायचा नाही. मी जिवंत आहे तोवर काढायचा नाही."

केलेपीनं विचार केला. "बरं. वाईट आहे."

"शाबास. आता नाकाखालचं काढ."

लावीनिया आत्या, म्हणजे मोसेसेची मोठी बहीण आणि केलेपीची आई, या खोलीत कधी आली नव्हती. भाऊ जिथं झोपतो तिथं बहिणीनं पाऊल टाकायचं नसतं. म्हणून गेली तीन वर्षं ती बाहेरच्या अंगाला खिडकीखाली खुर्ची टाकून बसे आणि भावाची तब्येत भिंतीला विचारे. लोपेतीनं एकदा संधी साधून तिला गाठलं.

"आत्या, एक विचारू?"

"विचार की. मग मी नाही म्हणते."

"बाबा गेल्यावर..."

"मला ऐकू येतंय हां," आतून मोसेसे म्हणाला.

"मग ऐक. तुझंच चाललंय," आत्या भिंतीला म्हणाली. "हं, बोल रे."

"मी मागच्या अंगणात, भट्टीपाशी. ते ठरलेलंच आहे. पण आता मशीन फास्ट झालंय. दोन कॅमेरे सरळ कॉम्प्युटरला जोडता येतात. तिथूनच एक वायर मागं ओढली, आणि भट्टीपाशी छोटा पडदा ठेवला, तर..."

"पडद्यावर काय दिसणार? पाय?"

"तोंड."

"मग नाही. मुलाची जागा मागं. मेलेल्या बापाचं तोंड मुलानं बघायचं नाही. हा तुझा पडदा तुझ्यापासून किती लांब असणार?"

"हातभर."

"म्हणजे बाप घरात, तू अंगणात, आणि तोंड तुझ्यापासून हातभर. अरे, भुतंसुद्धा असलं करत नाहीत!"

"मग कधी बघू?"

आत्या जरा मऊ झाली. "दहावा होऊ दे. खडे धुवून कबरीवर पडले की सुटलास. मग फिल्मच आहे ना? मागं-पुढं करून बघ."

ती गेल्यावर मोसेसेनं लोपेतीला पायाशी बसवलं.

"माझा बाप गेला तेव्हा मी मिशी फुटायच्या वयाचा होतो," तो म्हणाला. "मागं भट्टीत डुक्कर लावत होतो. पुढं अख्खं गाव रडत होतं, आणि मी धूर डोळ्यात गेला म्हणून रडत होतो. सगळं उरकल्यावर चुलत्याला विचारलं, बाबा कसे दिसत होते? म्हणाला, राजासारखे. मी राजा बघितला होता. बाप काय तसला नव्हता."

"मग?"

"मग काय? मला बाप आठवतो तो आदल्या आठवड्यातला. मी होडी नीट बांधली नव्हती, शिव्या देत होता. अजून देतोय. साठ वर्षं झाली, लोपे, तो माणूस संपतच नाही. तोंड एकदा बघितलं असतं तर गप्प झाला असता." त्यानं एकुलता पाय हलवला. "तू बघ. दहा दिवस उशिरा का होईना. एकदा नीट बघ आणि सोड मला. नाहीतर मी पण बडबडत बसेन."

"तुम्ही तसंही बडबडता."

"तेव्हा तुला गप म्हणता येणार नाही."

लोपेतीनं पायावर चादर ओढली. त्या दिवसापासून तो ती नवी डिस्क रोज काहीतरी भरून, काहीतरी पुसून पारखू लागला. लोकांना वाटलं, धंदा वाढवतोय.

मोसेसे गेला तो दाढीच्या वेळेलाच. लोपेती खाली बसून पाय धूत होता. पाय होता तसाच होता, गरम, थोडा सुजलेला. वर काय झालं ते त्याला दिसलं नाही.

"लोपे," केलेपी म्हणाला, "पाणी थांबव."

लोपेतीनं मान वर करेपर्यंत केलेपीनं टॉवेल मामाच्या तोंडावरून ओढला होता. टॉवेलवर निळी फुलं होती. तो बाजूला करायला एक हात पुरला असता. पण टॉवेल मानेच्या वर होता.

लोपेतीनं पाय पुसला. बोटांच्या बेचक्यांत पाणी राहिलं की जखम होते, म्हणून तिथंही पुसलं.

मोसेसेला हॉस्पिटलात नेऊन, कपडे घालून परत आणेपर्यंत लोपेतीला पुढच्या खोलीत राहायची मुभा होती. तेवढ्यात त्यानं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. एक कॅमेरा पायथ्याशी, एक बाजूला, तोंडावर रोखलेला. उजेड नीट पडतो का हे बघायला त्यानं केलेपीला चटयांच्या ढिगावर निजवलं.

"डोळे मीट."

"कशाला?"

"ते मिटलेले असणार म्हणून."

"मला कसंतरी होतंय, लोपे."

"बोलू नको. ओठ हलतायत."

केलेपी पडल्या पडल्या झोपला. लोपेतीनं त्याच्या तोंडावर कॅमेरा नेमका लावून घेतला. मग त्याला हलवून उठवलं, आणि पडदा बंद करून कॉम्प्युटरवर जुनी चटई टाकली. कॅमेऱ्यांची कार्डं त्यानं काढूनच ठेवली. कार्डं भरतात, बदलावी लागतात, आणि बदलायला त्याला आत येता आलं नसतं. दोन दिवसांचं दोन्ही कॅमेऱ्यांचं सगळं त्या च्युइंगममध्ये मावत होतं. आत्यानं दारात टोपली ठेवून सगळ्यांचे फोन जमा केले होते, कारण मागच्या मयतीत कुणाच्या तरी फोनवर नाचाचं गाणं वाजलं आणि मयताचं बोट हललं असं तिघांनी शपथेवर सांगितलं. तेव्हा या घरातलं बघणारं यंत्र फक्त लोपेतीचं.

गाडीचा आवाज आला. लोपेतीनं रेकॉर्डिंग चालू केलं, सगळ्यात फाटकी मोठी चटई कानांपर्यंत अंगाभोवती गुंडाळली, कारण नात्यात मयताहून खालच्या पायरीच्या माणसानं तशीच गुंडाळायची असते, आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

दोन दिवस तो भट्टीपाशी होता. डुकरं, सुरण, अळूच्या पुड्या. पुढून भजनं येत, रडणं येई, आणि मधूनच कुणीतरी काहीतरी बोले आणि सगळे हसत. तो बाबांचा कुठला तरी किस्सा असणार हे त्याला कळायचं, कुठला ते ऐकू यायचं नाही. धूर वाऱ्याबरोबर फिरायचा. पेटी बंद झाल्यावर ती पुढून गेली आणि तो सगळ्यांच्या मागून गेला. त्याच्या पुढ्यात सगळा वेळ एका जाड माणसाची पाठ होती.

दफनानंतर वाटप झालं. आत्याला सगळ्यात बारीक विणीच्या चटया गेल्या, पाद्र्याला केक आणि आख्खं डुक्कर. मग घराण्याच्या वक्त्यानं उभं राहून भारदस्त आवाजात विचारलं की, दोन दिवस मामाच्या उशाशी बसलेल्या फाहूचं मन कशावर आहे?

केलेपी उठला. त्याचे डोळे सुजले होते. कॉम्प्युटरवरची चटई बाजूला करून तो म्हणाला, "यातली ती च्युइंगम छान आहे."

मग तो स्वतःच मागं भट्टीपाशी आला.

"लोपे, रागावू नको. मी तो शब्द काढला."

लोपेतीच्या हातात कातडीसकट मांस होतं. "त्यात बाबा आहेत, केलेपी."

"म्हणून तर! तुझा पडदा केवढा? ताटाएवढा. माझ्या टीव्हीवर मामा होते तेवढे दिसतील. दहाव्याला सगळ्यांना आमच्याकडे बोलवू. तुला समोर बसवतो, मधोमध. नाहीतर तू एकटा कोपऱ्यात बघत बसशील त्या डबड्यावर. हे बरं का?"

तो मनापासून बोलत होता. हीच पंचाईत होती. लोपेतीला म्हणायचं होतं, थांब, एक दिवस थांब, मला त्याची आणखी एक प्रत काढू दे. फाहूला 'थांब' म्हणायला आमच्या भाषेत शब्द आहे, तोंडात नाही. शिवाय दहावा होईपर्यंत त्याला स्वतःच्या धंद्याच्या सामानाला हात लावायची बंदी होती. फाहूनं मागितलेलं काढून देणं तेवढं चालत होतं.

त्यानं हाताची चरबी पुसली, आत जाऊन तो एवढासा स्क्रू काढला आणि च्युइंगम केलेपीच्या तळहातावर ठेवली.

"दहाव्याला मी माझं मशीन घेऊन येतो," तो म्हणाला. "मीच लावीन. तू लावू नको."

"तूच लाव," केलेपी म्हणाला. त्यानं ती झाडाच्या सालीच्या रंगवलेल्या कापडात गुंडाळली आणि घरी बायबलशेजारी ठेवली.

दहाव्याला सकाळी बायकांनी काळे खडे धुतले, तेल लावून चकचकीत केले आणि कबरीवर पसरले. लोपेतीनं फाटकी चटई सोडली. दुपारी तो ढकलगाडीवर कॉम्प्युटर घालून आत्याच्या घरी गेला. घर भरलं होतं. मावश्या, काक्या, चुलत आज्या जमिनीवर मांडी घालून मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर टीव्ही. केलेपीनं मधली जागा राखायचा प्रयत्न केला होता, पण तिथं पाद्र्याची बायको बसली होती आणि तिला उठवायला माणूस जन्माला यायचा होता. लोपेतीला दाराशी जागा मिळाली.

"आधी प्रार्थना," आत्या म्हणाली. "मग लोपेती जोडेल."

पाद्र्यानं डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. आमचे पाद्री प्रार्थनेत आधी सगळ्या राजघराण्याची, मग सगळ्या बेटांची आणि मग हवामानाची काळजी घेतात. मयतापर्यंत यायला वेळ लागतो. केलेपीला वाटलं असणार, तेवढ्यात आपण लावून टाकू. आमेन झालं की सगळे डोळे उघडतील आणि समोर मामा. त्याला ते फार सुंदर वाटलं असणार.

'टिंग' असं काहीतरी वाजलं. लोपेतीनं एक डोळा उघडला.

भिंतीवर मोठी पांढरी अक्षरं होती: 'वापरण्याआधी फॉरमॅट करा.' खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं. केलेपी डब्याचं झाकण बाजूला ठेवून, हातात ते बटणांचं यंत्र घेऊन मोठी अक्षरं वाचत होता. बारीक अक्षरं त्यानं आयुष्यात वाचली नव्हती. ऑकलंडहून परत यायचं एक कारण तेही होतं म्हणतात.

लोपेतीला बारीक अक्षरं दारातून वाचावी लागली नाहीत. ती काय असतात ते त्याला ठाऊक होतं: आतलं सगळं पुसलं जाईल.

ओरडायला पाहिजे होतं. पण पाद्री नुकताच "आणि आमचा बंधू मोसेसे" इथं आला होता. बापासाठी चाललेल्या प्रार्थनेत मुलगा ओरडत नाही. उठून धावायला पाहिजे होतं. पण बसलेल्या मोठ्या माणसांपुढून कुणी ताठ चालत नाही. लोपेती कमरेत वाकला, हात जमिनीला टेकवला आणि पहिल्या म्हातारीपुढून सरकला.

"तुलोउ," तो कुजबुजला. तुलोउ म्हणजे, पुढून जातोय, माफी असावी. ते प्रत्येकीला म्हणावं लागतं.

"जा बाळा," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली.

"तुलोउ."

"पोट बिघडलं का रे?"

"नाही मावशी. तुलोउ. तुलोउ, काकी."

"पाय, माझा पाय!"

"माफ करा. तुलोउ."

तो पाद्र्याच्या बायकोपर्यंत पोचला तेव्हा केलेपीनं 'हो' दाबलं.

जुनी डिस्क असती तर तिला नुसतं विचारात पडायला दुपार लागली असती. लोपेतीला सगळ्यांची माफी मागत जाऊन, वायर उपटून, सगळ्यांची माफी मागत परत येऊन डोळे मिटायलासुद्धा वेळ मिळाला असता. पण ही नव्या जातीची होती. हिच्यात काहीच हलत नव्हतं.

"आमेन," पाद्री म्हणाला.

सगळ्यांनी डोळे उघडले. भिंतीवर लिहिलं होतं: 'तयार.'

"चला!" केलेपी म्हणाला. तो बटणं दाबत सुटला. पडद्यावर गाड्या आल्या, फुटबॉल आला, एक तलवारवाला आला. "मामा कुठं गेले? लोपे, मामा कुठल्या बाजूला असतात?"

लोपेती खोलीच्या मध्यात ओणवा होता. "नाहीत."

"नाहीत कसे? आत्ता घातली मी."

"पुसलं गेलं."

"मी कुठं पुसलं? मी फक्त हो म्हटलं."

मग आत्यानं विचारलं, "परत येत नाही?"

"अशी डिस्क पुसली की नाही येत, आत्या."

"कुणाकडे दुसरं..."

"फोन टोपलीत होते."

आत्यानं टोपली आठवून तोंडावर पदरासारखी अंगावरची चटई ओढली. केलेपी भिंतीकडे बघत उभा होता.

लोपेती उठला नाही. तिथंच बसला आणि वळून म्हाताऱ्यांना म्हणाला, "कसे दिसत होते?"

"शांत," एक म्हणाली.

"कुठलं शांत? चिडल्यासारखा वाटत होता मला. कुणीतरी होडी नेल्यासारखा."

"झोपल्यासारखा दिसत होता गं."

"तो झोपायचा तेव्हा तोंड उघडं असायचं. हे मिटलेलं होतं."

"किंचित उघडं होतं."

"राजासारखा दिसत होता," पाद्र्याची बायको ठामपणे म्हणाली.

लोपेतीनं केलेपीकडे पाहिलं. दोन दिवस, दोन रात्री तो उशाशी बसला होता, त्या तोंडापासून हातभर. "केलेपी. तू सांग."

केलेपी खाली बसला. लोपेतीपेक्षा खाली, म्हणजे फाहूनं बसू नये तिथं. "मी नाही बघितलं, लोपे."

"म्हणजे?"

"मला भीती वाटत होती. टॉवेल मी ओढला ना त्या दिवशी. मी दोन दिवस त्यांच्या उशीकडे बघत होतो. उशीवर नक्षी होती, ती सांगू का? तिच्यात बारीक जहाजं होती." तो रडायला लागला. "पंधरा जहाजं होती. एकाचं शीड अर्धं शिवलेलं. ती घे ना परत, च्युइंगम घे. मी देतो म्हणतोय. फाहू देतोय."

"राहू दे," लोपेती म्हणाला. "छान आहे ती."

आत्यानं जेवण वाढायला सांगितलं. लोक आले होते, जेवल्याशिवाय पाठवता येत नव्हतं. जेवताना पोरांनी गाड्यांची शर्यत लावली. पडद्यावर गाड्या क्षणात आल्या. एका आजीनं त्यातली लाल छान आहे म्हटलं, आणि तिला ती खेळायला मिळाली.

दुसऱ्या दिवशी ऊन तिरपं असताना लोपेती कबरीवर गेला. खड्यांवरचं तेल अजून चमकत होतं. त्यानं तिपाई उभी केली, कॅमेरा खड्यांवर रोखला, त्यात कार्ड घातलं, आणखी एक कार्ड खिशात ठेवलं, आणि कबरीच्या पायथ्याशी, पायांच्या बाजूला, मांडी घालून बसला. मेलेल्याशी आमच्याकडे घरच्या बोलीत बोलत नाहीत; त्याला वक्त्याची भाषा लागते. लोपेतीनं ती कधी वापरली नव्हती, फक्त टिपली होती. त्यानं घसा साफ केला आणि जमेल तेवढ्या भारदस्त आवाजात सुरुवात केली.

"दिवंगत मोसेसे यांच्या सेवेशी. अर्जदार आपला मुलगा असून त्याचा व्यवसाय मयतींचं चित्रण हा आहे. तांत्रिक कारणामुळे आपल्या अंत्यदर्शनाची एकमेव प्रत नष्ट झाली आहे, आणि उपस्थितांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत. सबब नम्र विनंती की, आपण आपल्या सोयीचा दिवस पाहून, शक्यतो उजेड असताना, होतात त्याच कपड्यांत, पुन्हा एकदा निजून दाखवावं. अर्जदार लांबूनच बघेल. जास्त वेळ घेणार नाही."